दिसायलाव का?

कुठलीही वस्तू दुरून बघितल्याशिवाय केवळमावशींचा तिच्यावर विश्वास बसत नसे. गावात नव्या हॉटेलाची पाटी लागली की त्या रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या, कपाळावर हात धरायच्या आणि डोळे बारीक करून बघत राहायच्या. वाचायला नव्हे; अक्षरं त्यांना जेमतेम यायची. पाटी आहे एवढं तरी लांबून कळतं का, हे बघायला. लग्नात फोटोसाठी सगळी माणसं ओळीत उभी राहिली की या ओळीतून निघून फोटोवाल्याच्या शेजारी जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "हौसे, सरक की जरा! नवरी झाकायली तुज्यामागं." त्यामुळे त्यांच्या घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत त्या नाहीत. हे त्यांच्या सुनेनं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, "पर सगळी दिसायलीत का न्हाय नीट?"

मी त्यांना भेटले ती सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या अलीकडे. दोन बाजूंच्या रस्त्यांमध्ये जो मातीचा पट्टा असतो, त्यातली कण्हेरीची झाडं खुरपायची, छाटायची, त्यांना टँकरनं पाणी द्यायचं, हे काम अठरा बायकांची एक टोळी करायची. केवळमावशी तिच्या मुकादम. मी कंत्राटदाराच्या माणसांची हजेरी मांडायला लागले होते. मावशींनी माझं नाव कधी विचारलं नाही. "ए हजेरी, हिकडं ये," असंच त्या मला वर्षभर हाक मारत राहिल्या.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, कारण पुढं ते लागणार आहे. माझे वडील कळंबच्या बाजारात हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाटीला पैसे नव्हते असं नाही, पण मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला 'जाहीर निषेध', दुसऱ्या बाजूला माझा 'ग गवताचा'. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण दिसली की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो.

पहिल्या दिवशी सकाळी टेम्पोतून उतरल्यावर मावशींनी एकाही बाईला दुभाजकावर चढू दिलं नाही. मला म्हणाल्या, "गाड्या येत्यात त्या अंगाला जा. दोनशे पावलं मोज. मग वळून बग आन् सांग." मी रस्त्याच्या कडेनं गेले, वळले. लांबून त्यांची हाक आली, "दिसायलाव का?"

म्हणजे, आम्ही दिसतोय का; त्या बोलीत 'तुम्ही दिसताय' हेही 'दिसायलाव'च. मी हात हलवून ओरडले, "दिसताय!"

परत आले तर सगळ्या बायका टँकरच्या मागून हसत बाहेर येत होत्या. दुभाजकावर कुणीच नव्हतं. मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या. "कुणाला बगितलंस गं तू? आँ? कण्हेरीला व्हय?"

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पुढं वर्षभर मी रोज दोनशे पावलं चालले आणि रोज खरंच बघितलं.

हा प्रकार त्यांनी कधीपासून सुरू केला ते मला जैतुनबीनं सांगितलं. जैतुनबी टोळीतली सगळ्यात जुनी बाई. कडक चहा आणि कडक जीभ. आदल्या पावसाळ्यात शालन नावाची टोळीतली तरुण बाई कडेला बसून खुरपत होती. डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलेली. पाऊस, माती आणि पोतं, तिन्हींचा रंग एक. एक पिकअप दुभाजकाच्या कडेला घासत गेला आणि शालनचा पाय मोडला. गाडीचा ड्रायव्हर पळाला नाही. रस्त्यावर बसून रडत होता, "दिसल्याच न्हाईत ओ, आईची आन, दिसल्याच न्हाईत." बायका त्याला खुरप्यानं मारायला धावल्या.

"आन् ही बया," जैतुनबी मावशींकडं हनुवटी करून म्हणाली, "शालनला गाडीत घालून दिली, आन् त्या मेल्याच्या दंडाला धरून त्याला चालवत मागं घेऊन गेली. म्हनली, कुठनं दिसली न्हाय, ती जागा दाव."

त्यानं जागा दाखवली. मावशी तिथं उभ्या राहिल्या. शालन बसली होती तिथं त्यांनी टोळीतल्या हौसाबाईला खोळ घेऊन बसायला लावलं होतं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "खरं हाय. मलाबी दिसंना."

बायका त्यांच्यावर महिनाभर रागावल्या होत्या. मलाही ऐकून राग आला. चूक मालकाची, साहेबांची, वेगाची, आणि या बाईनं ड्रायव्हरला खरं ठरवलं! मी तसं बोलून दाखवलं. मावशी तंबाखू मळत म्हणाल्या, "खोटं कसं म्हनू? म्या बगितलं की."

शालनचा पाय जुळला, पण ती घरीच होती. तिला कामावर यायचं होतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, आणि शिवाय तिला घरात करमत नव्हतं. मावशींनीच तिला अडवून ठेवलं होतं. दर बाजारच्या दिवशी शालन विचारायची, "मावशी, कवा येऊ?" आणि मावशी म्हणायच्या, "दिसशील तवा ये."

हे मी ऐकलं आणि त्या आठवड्यात पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आम्ही दिसत नाही, की तुम्ही बघत नाही?' रस्त्यावर राबणाऱ्या प्रत्येक बाईला चमकत्या पट्ट्यांचं, पाऊस न शिरणारं जाकीट मिळणं ही दया नव्हे, असं त्यात होतं. अजून बरंच होतं. एका वाक्यात तीन उद्गारचिन्हं होती. अठरा बायकांचे अंगठे आणि सह्या घेऊन मी ते कंत्राटदाराच्या कचेरीत दिलं, नोकरी जाईल याची तयारी ठेवली, आणि पुढच्या पत्रकाचा मथळाही योजून ठेवला.

आठव्या दिवशी सुपरवायझर खंडागळेसाहेब तीन जाकिटं घेऊन हजर. "मालक म्हणले, देऊन टाका. तीन नमुने आहेत. एक पसंत करा, शनिवारी ऑर्डर जाणार. सगळ्यांना एकच. बदलून मिळणार नाही."

लढायला बसलेल्या माणसाला समोरच्यानं पाण्याचा तांब्या पुढं करावा, तसं माझं झालं. मावशींनी मात्र माझं पत्रक मागवलं. "वाच."

मी वाचलं. जरा आवेशातच वाचलं.

"ह्यात कंचं जाकीट घ्यायचं त्ये लिवलंय का?"

"नाही मावशी."

"मग अर्धंच लिवलंस की गं."

शनिवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी जे बघितलं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले आहे.

एक जाकीट गडद निळं, चंदेरी बारीक पट्टीचं. ते खंडागळेसाहेबांच्या आवडीचं. "हे कसं, स्मार्ट दिसतं. बाहेरगावीपण घालता येतं." दुसरं झगझगीत लिंबू रंगाचं, छातीवर आणि कमरेला रुंद पट्टे. तिसरं केशरी, जाड. त्याचे पट्टे खांद्यावरून गेलेले आणि बाह्यांना मनगटाजवळ त्याच चमकत्या पट्टीचं एकेक कडं.

निळं पहिल्या सकाळीच बाद झालं. हौसाबाई ते घालून दुभाजकावर बसली, मी दोनशे पावलांवर. ढग आलेले होते. मला हौसाबाईऐवजी डांबराचा एक तुकडा वर आल्यासारखा दिसला. मावशी खंडागळेसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, हे तुमी घाला. तुमाला कुठं बसायचंय."

राहिली दोन. उभ्या माणसावर लिंबू रंग असा पेटायचा की सगळ्या बायकांनी हेच म्हणून गलका केला. मावशी म्हणाल्या, "उभी कामून हाईस? खाली बस. खुरप." हौसाबाई बसली, पुढं वाकली. छातीचा पट्टा मांडीत गेला, कमरेचा पट्टा घडीत गेला, आणि पाठीवर पदर. उरला नुसता लिंबू रंग, आणि तो कण्हेरीच्या कोवळ्या पालवीत मिसळून गेला.

मावशी स्वतः दोनशे पावलं चालून आल्या, बघितलं, परत गेल्या. "उभ्या माणसासाठी शिवलंय," त्या म्हणाल्या. "आमी बसून काम करताव. शिवणाऱ्याला कुणी सांगितलंच न्हाय."

मी तेव्हा टिपणवही काढली होती. तिच्यात पहिलं वाक्य हेच आहे.

दुसऱ्या दिवशी पाण्याची परीक्षा. बाहीचं टोक दोरीनं घट्ट बांधायचं, बाही उलटी करून तिच्यात तांब्यानं पाणी भरायचं आणि टँकरच्या हुकाला लटकवून चहा प्यायला जायचं. मावशी याला पखाल म्हणायच्या. चहा पिऊन आलो तर लिंबू जाकिटाच्या शिवणीतून थेंब सुटत होते. केशरी कोरडं. मी लगेच म्हटलं, "झालं की मग, केशरी!"

"थांब की. लई घाई तुला." त्यांनी ते केशरी जाकीट अंगात घातलं आणि ऊन पडलेलं असताना तासभर खुरपत बसल्या. उठल्या तेव्हा झंपर पिळून निघेल इतका ओला. पाठीवर एक झाकणासारखी पट्टी होती, तिच्या आत बोट घालून त्यांनी बघितलं; तिथं जाळी होती, पण कारखान्यात कुणीतरी झाकणावर टीप मारून ठेवली होती. मावशींनी खुरप्याच्या टोकानं ती टीप उसवली. पुन्हा तासभर बसल्या. "आता बरं हाय. वारं जायलंय."

तिसऱ्या दिवशी जैतुनबीनं मोडता घातला. "केशरी घेतलंव तर कोजागिरीला काय करताव? आख्खा रस्ता केशरी असतोय."

खरंच होतं. कोजागिरीच्या आधी कर्नाटकातून तुळजापूरला चालत जाणारी माणसं याच रस्त्यानं जातात. भगवे झेंडे, भगवे उपरणे, भगव्या टोप्या. त्या गर्दीत केशरी जाकिटाची बाई कोण ओळखणार? लिंबू पालवीत जातं, केशरी देवीच्या वाटेत जातं. मला वाटलं, आता मावशी अडल्या.

त्या उठल्या आणि ढाब्याकडं निघाल्या. "ए हजेरी, दोन्ही जाकिटं हौशीला दे. ती लिंबू घालंल, जैतुन केशरी. दुभाजकावर बसू दे. तू चल."

पावसाची भुरभुर लागली होती. ढाब्यावर हैदराबादकडचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर खाटेवर बसून दात कोरत होता. मावशी त्याच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीत बसून मला रस्ता बगायचाय."

"क्या बोलते अम्मा?"

मी त्याला समजावलं. तो खूप हसला, पण दार उघडलं. मावशी साठीच्या पुढच्या. नऊवारीचा काष्टा आवळून त्या पायरीवर पाय देऊन केबिनमध्ये अशा चढल्या की ढाब्यावरचं पोरगंसुद्धा बघत राहिलं. सीटवर बसल्या. काचेवर पावसाचे ओघळ. "ती काच पुसायची काडी लाव," म्हणाल्या. वायपर सुरू झाला. त्या बघत राहिल्या; वायपर इकडून तिकडं, आणि त्यांची मान त्याच्याबरोबर इकडून तिकडं.

"भाऊ, खरं सांगा. कंचं आधी दिसतंय, लिंबू का केशरी?"

ड्रायव्हर दाराला लोंबकळून बघत होता. म्हणाला, "सच बोलूं अम्मा? बारिश में हमकू रंग नै दिखता. जो हलता ना, वो दिखता."

मावशींनी वळून त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा काचेतून. मीही पायरीवर चढून डोकावले. पुसट करड्या रस्त्यावर दोन डाग होते, लिंबू कुठला आणि केशरी कुठला ते खरंच कळत नव्हतं. पण त्यातल्या एका डागापाशी काहीतरी लुकलुकत होतं. खाली-वर, खाली-वर. जैतुनबी खुरपत होती, आणि तिच्या मनगटांवरची कडी मागून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यात चमकत होती.

"हात," मावशी म्हणाल्या. उतरताना त्यांनी ड्रायव्हरच्या हातावर चिमूटभर तंबाखू ठेवली.

शुक्रवारी खंडागळेसाहेबांना निरोप गेला: केशरी. पण पुरुषांच्या मापाचं नको. बाही लांब झाली की बायका ती दुमडणार, आणि दुमडली की कडं झाकणार. लहान माप. आणि पाठीची टीप उसवून द्या. आणि कोजागिरीच्या आधीचे चार दिवस, वाट मोकळी होईपर्यंत, एकही बाई दुभाजकावर चढणार नाही. साहेब म्हणाले, "मावशी, जाकीट मागितलं होतं, तुम्ही कायदा करायला लागलात." मावशी म्हणाल्या, "ही पोरगी लिवून देईल." मी लिहून दिलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

जाकिटं आली. शालनही आली, किंचित लंगडत. जाकीट घालून ती दुभाजकावर बसली आणि मावशी दोनशे पावलं चालून गेल्या. त्या दिवशी त्या मला पाठवायला तयार नव्हत्या. परत येऊन त्यांनी शालनच्या पाठीवर थाप मारली आणि कामाला लागल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. माझ्या वडिलांच्या पत्रकांत ती इथंच संपली असती. मागणी मान्य, विजय असो. पण दोन दिवसांनी पाऊस आला. मी कचेरीतून हजेरीवही घेऊन पोचले तर दुभाजकावर एकही केशरी ठिपका नाही. अठरा पोती ओळीनं बसलेली.

मला वाटलं जाकिटं परत घेतली. धावत गेले, एका पोत्याचं टोक उचललं. आत शालन. पोत्याच्या खाली जाकीट, नीट बटणं लावलेलं.

"अगं पोतं कशाला घेतलंस वरून?"

शालन माझ्याकडं वेड्यागत बघत म्हणाली, "नवं हाय वं. भिजंल की."

सगळ्यांनीच तसं केलं होतं. कुणी पट्टे मळू नयेत म्हणून जाकीट उलटं घातलं होतं. मी तिथंच भाषण सुरू केलं. की ज्यासाठी मागितलं त्यासाठीच वापरत नाही, की हक्काची वस्तू जपायची नसते, की शालनचा पाय एवढ्यात विसरलात. बायका माना खाली घालून ऐकत होत्या आणि पोती तशीच होती. कुणाच्याच घरात अंगावर घालायचं एवढं चांगलं कापड कधी आलं नव्हतं. ते पावसात घालायचं असतं हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. माझ्या पत्रकात यावर एक ओळ नव्हती.

मावशींचंही पोतं होतं का, हे मी अजून सांगितलं नाही. होतं. त्यांनी ते माझ्यादेखत डोक्यावरून काढलं, त्याच्याकडं बघितलं आणि स्वतःशीच हसल्या. "म्याबी घेतलं की गं. हाताला सवय हाय."

मग त्यांनी सगळ्यांना कडेला घेतलं. पोती काढायला लावली. टँकरवाल्याला पाइप सोडायला सांगितला आणि पहिल्या त्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. धो धो पाणी अंगावर घेतलं. मग शालनला ओढलं. मग हौसाबाई, मग एकेक. भर पावसात टँकरच्या पाण्याखाली अठरा बायका किंचाळत, एकमेकींना ढकलत भिजल्या. जैतुनबी शिव्या देत होती आणि हसत होती. सगळ्या झाल्यावर मावशी म्हणाल्या, "भिजलं. झालं जुनं. आता काय राखायचंय त्याच्यात? चला."

त्यानंतर पोती टेम्पोत चिखलाचे पाय पुसायला वापरली गेली.

मी ती नोकरी पुढच्या वर्षी सोडली. पत्रकं अजून लिहिते. लिहून झालं की शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारते, 'ह्यात कंचं घ्यायचं त्ये लिवलंय का?' तो कुणाचा हे सांगायला नको. मावशींचा फोटो माझ्याकडे नाही. त्या फोटोत कधी नसायच्याच.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते एसटीतून. उमरग्याहून सोलापूरला चालले होते, ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली होती. दुपारची वेळ, पण नळदुर्ग जवळ आलं तसा असा पाऊस लागला की ड्रायव्हर काचेला नाक लावून चालवत होता. रस्ता, शेत, आभाळ सगळं एकच करडं.

अचानक त्यानं वेग कमी केला. समोर, दुभाजकाला लागून, एक केशरी आकृती उभी होती. आमच्याकडं पाठ करून. एक हात कपाळावर धरलेला, मनगटावरचं कडं आमच्या दिव्यात पेटलेलं. तिचं गाडीकडं लक्षच नव्हतं. ती पुढं बघत होती. तिच्यापासून पुढं, साधारण दोनशे पावलांवर, कडेला ओळीनं काहीतरी लुकलुकत होतं. खाली-वर, खाली-वर.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. बस अलगद डावीकडं घेतली आणि मागं न वळता कंडक्टरला म्हणाला, "कोण बाई हाय बग, गाडीकडं पाठ करून हुबी. लांबनंच दिसली म्हनून बरं."

मी खिडकीची काच वर करायला गेले. ती अडकली होती. दोन्ही हातांनी जोर लावून ती निघेपर्यंत बस लुकलुकणाऱ्या ओळीच्याही पुढं आली होती. मी डोकं बाहेर काढून मागं बघितलं. मावशी अजून तिथंच उभ्या होत्या, ड्रायव्हर काय म्हणाला ते त्यांना कळलेलं नव्हतं. पावसात ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले.

"दिसायलाव, मावशी! दिसायलाव!"